डोंगरातली नदी तपासायची: बाटलीतलं पाणी की दगडाखालचे किडे?

कोयनेच्या वरच्या अंगाला किंवा हिमालयातल्या एखाद्या खोऱ्यात नदीवर लक्ष ठेवायचं, तर पैसे कशावर घालायचे हे आधी ठरवावं लागतं. पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत द्यायचे, की जाळं लावून पायाने तळ ढवळायचा आणि वाहून आलेले जीव पांढऱ्या ट्रेमध्ये निवडायचे? पाणी पिण्यासाठी तपासत असाल तर निवड करायची गरजच नाही. ई-कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जीवाणू) किड्यांवरून कळत नाही, बाटली प्रयोगशाळेत न्या.

नदीची प्रकृती पाहायची असेल तर माझा कौल किड्यांना. डोंगरी पाणी थंड असतं, खडकांवर आपटत येतं आणि हवा ओढून घेतं. त्यामुळे वर सांडपाणी मिसळत असलं तरी विरघळलेल्या ऑक्सिजनचा आकडा बरेचदा छान येतो. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात याची चाचणी (आपल्याकडे २७ अंशांवर ३ दिवस), सांडपाणी पकडते, पण नमुना घेतला त्या घटकेपुरतीच. रात्री कुणी सांडपाण्याची टाकी सोडली तर सकाळच्या बाटलीत तिचा मागमूस नसतो. उलट स्टोनफ्लाय या प्रदूषण न सोसणाऱ्या, दगडांखाली वाढणाऱ्या किड्याच्या अनेक जातींची पिल्लं वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ पाण्यात राहतात. ती नाहीशी झाली की मधल्या काळात काहीतरी घडलं हे कळतं. काय घडलं, हे मात्र ती सांगत नाहीत. धरणाने पाणी वळवून खालचं पात्र आटवलं, तर उरलेलं पाणी रसायनांच्या चाचणीत स्वच्छ ठरू शकतं. नुकसान दिसतं ते किड्यांत.

आता गुणपद्धती, म्हणजे सापडलेल्या किड्यांवरून नदीला गुण देण्याच्या रीती. ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात आलेली बीएमडब्ल्यूपी ही पद्धत किड्यांच्या प्रत्येक कुळाला (जवळच्या जातींच्या गटाला) १ ते १० गुण देते: संवेदनशील स्टोनफ्लायला १०, लाल अळ्यांच्या कायरोनोमिड कुळाला २. यातली नुसती बेरीज फसवी असते, जास्त वेळ शोधलं की वाढते. म्हणून बेरजेला कुळांच्या संख्येने भागून येणारी सरासरी पाहावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे जैविक निकष याच वळणाचे आहेत, शिवाय त्यात विविधतेचा निर्देशांक आहे. हिमालयासाठी याहून जवळची एचकेएचबायोस ही गुणपद्धती आहे, तिथल्याच जीवांवर बेतलेली. शाळेच्या मुलांना दक्षिण आफ्रिकेची मिनीसास ही सोपी पद्धत पुरते. तिचे गट अवघे १३, पण सौम्य बिघाड तिच्यातून निसटू शकतो.

सह्याद्रीत मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या संवेदनशील किड्यांची कुळं मोजून हिमालयाचे आकडे लावू नका. इथे स्टोनफ्लायची विविधता मुळातच कमी आहे, निरोगी ओढाही नापास होईल. त्याच खोऱ्यातला, त्याच उंचीवरचा, कमीत कमी छेडलेला पट्टा निवडा आणि त्याच्याशीच तुलना करा. हे जमणार नसेल, तर गुण काढायच्या भानगडीत पडू नये.

भर पावसात नमुने घेऊ नयेत, पुराने तळच धुऊन निघतो. पाणी निवळल्यावर एकदा आणि ओढा आटण्याआधी एकदा, कुळापर्यंत ओळख पटवून सरासरी काढा. ती घसरली, तर त्याच जागेवरून बाटली भरा.