इंजेक्शन काढून कार्ब लावताय? पीसीव्ही, ब्रीदर की कॅच कॅन

एमपीएफआय (पेट्रोल इंजेक्शनच्या) जिप्सीला कार्ब म्हणजे कार्ब्युरेटर बसवला की इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरमधून निघणाऱ्या वाफेच्या नळीचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नळीच्या तोंडाला लावायचा छोटा ब्रीदर फिल्टर सहज मिळतो आणि 'कार्बला एवढं पुरतं' असा सल्लाही. मला तो पटत नाही. क्रँककेसमधली (इंजिनाच्या खालच्या, ऑइलच्या भागातली) वाफ ओढून काढण्याची गरज कार्बला जास्त असते.

चोकवर सुरू झालेलं इंजिन गार असताना जास्तीचं पेट्रोल पितं आणि त्यातलं थोडं रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. सोबत जळलेल्या गॅसमधलं पाणी. अंधेरी-पार्ल्याच्या छोट्या फेऱ्यांत ऑइल पुरतं तापत नाही, मग पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय धरते. ब्रीदर फक्त दाब सोडतो. आत ताजी हवा खेळवत नाही. सिग्नलला ऑइलचा वास केबिनमध्ये येतो तो वेगळाच. पीयूसीत सायलेन्सरचाच धूर तपासतात, त्यामुळे तिथे हे पकडलं जात नाही, पण ती वाफ आपल्याच हवेत जाते.

पीसीव्हीत (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) एअर क्लीनरमधून स्वच्छ हवा आत येते आणि मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा-पेट्रोल वाटणाऱ्या इनटेकच्या नळ्यांचा) व्हॅक्यूम वॉल्वमधून वाफ खेचून जाळायला नेतो. नळी कार्बच्या बुडाशी, थ्रॉटलच्या खालच्या जाड तोंडाला जोडा. एकाच सिलिंडरच्या रनरला (त्याच्याकडे जाणाऱ्या इनटेकच्या नळीला) जोडलीत तर तेवढाच सिलिंडर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालेल. वॉल्व शक्यतो त्याच इंजिनाच्या जुन्या कार्ब मॉडेलचा घ्या. इंजेक्शनमध्ये आयडलिंग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सांभाळून घेतो. इथे वॉल्व जोडलेला ठेवूनच मिक्श्चर स्क्रू लावावा लागतो. काही इंजेक्शन इंजिनांत वॉल्वऐवजी नुसतं बारीक छिद्र असतं. ते तसंच ठेवू नका: कार्बमधून बॅकफायर झाला की वॉल्व बंद होऊन आग क्रँककेसकडे जाऊ देत नाही, छिद्र ती अडवू शकत नाही.

कॅच कॅन (वाफेतलं ऑइल धरून ठेवणारा डबा) पीसीव्हीच्या जोडीला, वॉल्व आणि मॅनिफोल्डच्या मध्ये, तोही बंद झाकणाचा. इनटेकमध्ये ऑइल येत असेल तरच लावा आणि पावसाळ्यात लवकर लवकर रिकामा करा.

हे सगळं शेतावरच्या किंवा ऑफ-रोड गाडीसाठी. रस्त्यावरच्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आड येतो.

जोडणी झाल्यावर आयडलिंगवर एअर क्लीनरमधून नळी काढून नळीच्या तोंडावर कागद धरा. चिकटला तर काम बरोबर. उडाला तर आधी वॉल्व आणि नळी तुंबली आहे का बघा. दोन्ही साफ असतील तर रिंगा गेल्या असाव्यात. मग कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय कार्बवर आणखी पैसे घालू नका.