कारवानी पिल्लू, दोन घोड्या आन् ३० फुटी लीश : सात महिने वापरल्यानंतर

आधीच सांगतो, ही लीश (कुत्र्याला बांधायचा लांब पट्टा) घेतल्यानं कुत्रं शांत होत नसतं. मी पण तसंच समजून घेतली होती. जूनमध्ये ऑनलाइन मागवली, ३० फुटी, नायलॉनच्या चपट्या पट्टीची, सोबत हार्नेस, म्हणजे छाती-पोटाला बांधायचे पट्टे. आता जानेवारी चालूय, म्हणजे सात महिने रोज वापरली, उन्हात, चिखलात, सराट्यात.

आमचं गाव लोहा तालुक्यात. चुलत्याकडं वरातीच्या दोन घोड्या, एक नुकरा (पांढरी) एक काठेवाडी जातीची, आन् मी आणलं कारवानी ह्या शिकारी जातीच्या कुत्र्याचं पाच महिन्यांचं पिल्लू. नाव शेऱ्या. कारवानी ज्यांनी पाळलंय त्यांना माहितीय, हे कुत्रं नजरेवर चालतं, लांब कुठं काही पळताना दिसलं की त्याचे कान बंद, तुम्ही बोंबला नाहीतर शिट्ट्या मारा. पहिले आठ-दहा दिवस घरातलाच कासरा लावला होता. एका संध्याकाळी काका काठेवाडीला दुडकीनं फिरवत होते, शेऱ्यानं असा हिसडा मारला की कासरा माझ्या हातातून सरकत गेला, तळहाताची साल निघाली, आन् हा थेट घोडीच्या मागच्या पायाशी. तिनं लाथ झाडली ती वीतभर हुकली आन् पाण्याच्या बादलीवर बसली. बादली अजून आहे, एका बाजूनं चेपलेली.

काका म्हणले, "एक बसू दे की रे, आपोआप शिकतंय." गावात सगळे हेच म्हणतात. मला नाही पटलं. घोड्याची लाथ म्हणजे काय थप्पड नाही, पिल्लाचा जबडा नाहीतर बरगडीच जायची, आन् वाचलंच तर ते भिऊन लांबून भुंकत बसणार, ते काय शांत होणं झालं का. म्हणून ही लीश.

लीशचा खरा उपयोग एकच, कुत्रं सुटू न देता लांब ठेवता येतं. आम्ही घोड्यांपासून चांगलं दीडशे फुटांवर, बांधाच्या पलीकडं बसायचो. आषाढ लागला होता, लग्नं बंद, घोड्या रिकाम्या, त्यामुळं वेळ सापडला. शेऱ्यानं घोडीकडं बघितलं, की ताठ व्हायच्या आत "हां!" म्हणायचं आन् उकडलेल्या कलेजीचा नखाएवढा तुकडा द्यायचा. बघितलं, हां, तुकडा. पहिले तीन आठवडे दुसरं काहीच नाही. शेजारचे विचारायचे, काय करूलालाव बांधावर बसून. मग चौथ्या आठवड्यात एक दिवस त्यानं घोडी बघितली आन् मी हां म्हणायच्या आधीच मान वळवून माझ्याकडं बघितलं. तिथनं पुढं दर चार-पाच दिवसाला दहा पावलं जवळ. कलेजी तोंडापुढं धरली तरी घेत नसंल तर समजायचं आपण जास्त जवळ आलोय, गुपचूप मागं फिरायचं, ओरडायचं नाही. आन् शेपूट हलतीय म्हणजे शांत आहे असं नसतंय, शेऱ्या झेप घ्यायच्या आधी पण शेपूट हलवतो, फक्त ताठ आन् बारीक.

उभी घोडी, मग चालणारी, मग दुडकी, ह्याच क्रमानं. दुडकीला आमची गाडी अडकली. चाळीस फुटांपर्यंत मस्त आलो होतो आन् घोडी पळायला लागली तसा हा गेलाच, लीशच्या टोकाला जाऊन धाडकन थांबला. त्या दिवशी गळपट्ट्याला लावली असती तर मान गेली असती, म्हणून लाँग लीश कायम हार्नेसलाच, पाठीवरच्या कडीत. तसंही कारवानीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं, साधा गळपट्टा मागं सरकून काढून टाकतंय. आन् लीश हाताला गुंडाळायची नाही, वेटोळी करून तळहातावर ठेवायची, हातमोजे घालायचे. मी एकदा गुंडाळली होती, अंगठा महिनाभर वाकत नव्हता.

हार्नेसबद्दल माझी तक्रारच आहे. छाती खोल आन् कंबर ह्याएवढीशी असल्या कुत्र्याचं माप त्यांच्याकडं नाहीच. मीडियम छातीला काचायचा, लार्ज कमरेला ढिला, मागं सरकून दोनदा निसटला. शेवटी लार्जच ठेवला आन् बाजारातल्या चपला शिवणाऱ्या काकांकडून पोटाचा पट्टा आत घेऊन शिवून घेतला, तीस रुपयात काम झालं.

पट्टी मजबूत आहे, उसवली नाही. पण आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात ही लीश म्हणजे शिक्षा, चिखल असा चिकटतो की वजन दुप्पट, आन् पाऊस गेला की सराटे आन् कुसळं, रोज संध्याकाळी दाराशी बसून वेचायची. हुक तर एकदम टुकार. ऑक्टोबरमध्ये त्यात माती जाऊन जीभ अडकली, लागलंय असं वाटायचं आन् लागलेलं नसायचं. शेऱ्या सुटला ते शेळ्यांमागं गेला म्हणून बरं. कंपनीला फोटो पाठवले, उत्तर आलं की वापरण्याच्या पद्धतीमुळं खराब झालाय. हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचा स्क्रूवाला हुक आणून लावला, तेव्हापासून त्रास नाही.

घोडीच्या बाजूनं पण बघायला लागतंय. घोड्याला जवळपास चारी बाजूचं दिसतं, फक्त शेपटीच्या बरोबर मागचं आन् कपाळाच्या पुढ्यातलं दिसत नाही. म्हणून कुत्रं सरळ मागून नेत नाही, लांबून वळसा घालून खांद्याच्या बाजूला. तिनं कान मागं पाडले की आम्ही तिथंच थांबतो. लीश जमिनीवर लोळत घोडीजवळ जाऊ द्यायची नाही. आमची एकदा नुकऱ्याच्या मागच्या पायात गुतली होती, पछाडीची (मागच्या पायाला बांधायच्या दोरीची) सवय असल्यानं ती उभी राहिली, नवीन घोडं असतं तर उधळलंच असतं.

अजून एक, घोड्यांना जंताचं औषध दिलं की चार-पाच दिवस लीद लगेच उचलायची. कुत्र्याला लीद म्हणजे पेढे वाटतात, आन् त्या औषधात आयव्हरमेक्टिन असलं तर ते लिदीतनं पोटात जाऊन कुत्र्याला बाधू शकतंय, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळालं. नालबंद आला की खुराच्या कातरणासाठी शेऱ्या आधीच रांगेत. तेवढं खाऊ देतो, औषधाचे दिवस सोडून.

यंदा येळवसच्या (मार्गशीर्ष अमावास्येच्या) वक्ताला आमच्याच तालुक्यातल्या माळेगावच्या यात्रेला नेला. आत नाही, घोडेबाजाराच्या बाहेर, गाड्या लावतात तिथं. पहिल्या दिवशी मारवाडी घोडे रवाल चालीनं (न उसळता झपाझप) चालवत होते, हलगी वाजत होती, शेऱ्या थरथरला, कलेजी तोंडात घेऊन टाकून दिली. वीस मिनटात परत. दुसऱ्या दिवशी अजून लांब बसलो, रिकामं पोतं अंथरलं (घरी पोत्यावरच बसायची सवय लावलीय), तासाभरानं हनुवटी पायावर ठेवून पडला. एक शिंगरू उधळलं तेव्हा उठला, माझ्याकडं बघितलं, परत बसला. झोपला मात्र नाही.

काका अजून म्हणतात लाथेनं आठ दिवसात झालं असतं. पण परवा खरारा करताना त्यांनीच आवाज दिला, "त्याचं पोतं आण रे, हितं टाक, उन्हात बसलाय."

पाचातले साडेतीन स्टार. एक हार्नेसच्या मापाचा कापला, अर्धा हुकाचा. ज्यांच्याकडं भारी माती आहे त्यांनी चपटी पट्टी घेऊ नका, गोल रबरी दोरीची मिळते, पुढच्या वेळी मी तीच घेणार.