थेरपी छान, पण ताई सारख्या बदलतात

५ पैकी ३ स्टार. लहान मुलांच्या थेरपीचं सेंटर आहे, पुण्यातलं, नाव मुद्दाम टाकत नाहीये, माणसं वाईट नाहीत तिथली.

लेक दत्तक म्हणून घरी आली तेव्हा १९ महिन्यांची, जन्मापासून शिशुगृहात. सुरुवातीला सगळे म्हणायचे किती गुणी पोर, रडत नाही, कुणाकडेही जाते, आणि मीही खूष. रात्री जाग आली तरी नुसती डोळे उघडे ठेवून पडायची, डोकं एका लयीत इकडून तिकडे. पहिल्याच सेशनला ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) ताईंनी विचारलं, लागलं-बिगलं तर तुमच्याकडे येते का? मी गप्प. येत नव्हती. खरचटलं तरी उठून चालायला लागायची, आणि भाजीवाल्याच्या कडेवर मात्र लगेच. ताई म्हणाल्या, शिशुगृहात एक मावशी आणि खूप बाळं, त्यात मावशीही शिफ्टला बदलणार, मग रडून कुणी येत नाही हे बाळाला कळतं आणि ते रडणंच सोडतं. मावशांची चूक नाही हो, हात दोनच.

रोमानियातल्या अभ्यासाचंही त्यांनीच सांगितलं. बुखारेस्टच्या संस्थांमधली १३६ मुलं, त्यातली निम्मी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून फोस्टर घरांत, म्हणजे सांभाळायला तयार असलेल्या कुटुंबांत दिली. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले, घरात गेलेल्यांचा आयक्यू बाकीच्यांपेक्षा जास्त, आणि जितकं लवकर घर मिळालं तितका फायदा जास्त, साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना सगळ्यात जास्त. मी घरी येऊन २४ वजा १९ करत बसले, वेडेपणाच. पुढच्या वेळी ताई हसल्या, म्हणाल्या दोन वर्षं म्हणजे काय शेवटची लोकल आहे का, सुटली की संपलं.

होमवर्क एकच, काही महिने भरवणं, आंघोळ, झोपवणं फक्त आम्ही दोघांनीच करायचं. सासूबाई रुसल्या, साहजिक आहे. पोरगी वरणभात न चावता गिळायची, फ्रॉकच्या खिशात पोळीचे तुकडे सापडायचे, तर ओरडू नका म्हणाल्या, तिचा हात पोचेल तिथे राजगिऱ्याचा लाडू कायम ठेवा. ठेवला. चार महिन्यांनी खिसे रिकामे निघायला लागले.

आता स्टार का कापले. सहा महिन्यांत तीन थेरपिस्ट! त्या पहिल्या ताई सोडून गेल्या हे आम्हाला रिसेप्शनवर कळलं, पोरीला साधा टाटा करायला मिळाला नाही. तिने नव्या ताईंचा हात हसत धरला आणि आत गेली, मागे वळूनही बघितलं नाही, माझ्या पोटात गोळाच आला. मॅनेजर म्हणे, "मॅम, छान ॲडजस्ट झालीये की." अहो, तेच तर दुखणं आहे ना, तुम्हीच शिकवलंत आम्हाला! बाकी ४५ मिनिटांचे १२०० रुपये, ऐनवेळी कॅन्सल केलं तर पैसे बुडाले, पार्किंग नाही.

गेल्या आठवड्यात तिथल्याच जिन्यात पडली, गुडघा फुटला, आणि भोकाड पसरून थेट माझ्याकडे धावत आली. रिसेप्शनवाली सॉरी सॉरी करतेय आणि मी वेड्यासारखी हसतेय. पुढचं पॅकेज घ्यायचं की नाही, अजून ठरत नाहीये.