मेयोत एकच दिवस हाताशी असेल तर: ग्रीनवेवर सायकल की क्रो पॅट्रिकची चढण?

आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो काउंटीत वेस्टपोर्टला मुक्काम ठरला की पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. मधल्या मोकळ्या दिवशी ग्रीनवे नावाच्या सायकलमार्गावर सायकल मारायची, की क्रो पॅट्रिकचा डोंगर चढायचा? तसं मेयो काउंटीत करण्यासारखं बरंच आहे. अकिल बेटावर कीलच्या किनाऱ्यावर सर्फिंग, क्ल्यू बेच्या खाडीत कयाक, मॉय नदीवर सामनची मासेमारी, शिवाय गोल्फ. पण पुण्या-मुंबईकडून आलेल्या मंडळींची गाडी शेवटी या दोहोंवरच येऊन थांबते. मी दोन्ही केलंय, एकापेक्षा जास्त वेळा, पाहुण्यांसोबत आणि एकट्यानेही. त्या भरवशावर चार शब्द.

आधी ग्रीनवे, कारण बहुतेकांचा कल तिकडेच असतो आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. वेस्टपोर्ट ते अकिल ही जुनी रेल्वेलाइन १८९०च्या दशकात आली आणि १९३७ साली बंद पडली. २०१०-११ मध्ये तिच्याच वाटेवर ४२ किलोमीटरचा सायकलमार्ग तयार झाला. रेल्वेची वाट असल्यामुळे दम काढणारा चढ जवळजवळ नाहीच. मार्ग बऱ्याच ठिकाणी खासगी शेतांतून जातो. मालकांनी जमीन विकलेली नाही, ये-जा करू दिली आहे, म्हणून मधूनमधून फाटकं लागतात आणि पलीकडे मेंढ्या तुमच्याकडे बघत रवंथ करत बसलेल्या असतात.

या लाइनीची एक गोष्ट इथे सगळेच सांगतात. ब्रायन रुआ नावाच्या द्रष्ट्याने सतराव्या शतकातच भाकीत केलं होतं म्हणे, की लोखंडी चाकांच्या गाड्या येतील आणि पहिली व शेवटची गाडी मृतांना घेऊन येईल. १८९४ मध्ये बटाटे काढायला स्कॉटलंडला निघालेली अकिलची माणसं क्ल्यू बेमध्ये होडी उलटून बुडाली. लाइन अकिलपर्यंत रीतसर सुरूही झाली नव्हती, तरी त्यांचे मृतदेह गाडीनेच आणले. पुढे १९३७ मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्किंटिलॉखला आगीत सापडून अकिलची दहा तरुण मुलं गेली, तीही बटाट्याच्या कामावरचीच. त्यांच्या शवपेट्या याच लाइनीवरून घरी आल्या आणि त्याच वर्षी लाइन कायमची बंद झाली. भाकितावर विश्वास ठेवा न ठेवा, पण सायकल चालवताना हे आठवलं की पायाखालचा भराव नुसता भराव राहत नाही.

तीन टप्प्यांपैकी वेस्टपोर्ट ते न्यूपोर्ट हे ११ किलोमीटर यथातथाच, बराच वेळ हमरस्त्याच्या कडेने. न्यूपोर्ट ते मलरॅनी हे १८ किलोमीटर मात्र खणखणीत. उजवीकडे नेफिन बेगची रांग, डावीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे तो क्रो पॅट्रिक. गंमत अशी की सायकलवर असलात तरी मधूनमधून नजर त्या डोंगराकडेच जाते. माझ्या बाबतीत तरी जाते.

वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही. तो बहुतेकदा पश्चिमेकडून येतो आणि अकिलकडे जाताना छातीवर बसतो. म्हणून सायकल भाड्याने देणारे तुम्हाला सायकलींसकट गाडीने अकिलला नेऊन सोडतात आणि तुम्ही पाठीवर वारा घेत परत येता. युक्ती उत्तम आहे. पण माझं घोडं अडलं ते नेमकं इथे.

ही गाडी ठरलेल्या वेळी सुटते आणि सायकली संध्याकाळी ठरलेल्या वेळेच्या आत परत द्यायच्या असतात. सुट्टीच्या दिवसांत आधीपासून बुकिंग लागतं. म्हणजे शनिवारी सकाळी दहाला हवा कशी असेल याचा कौल तुम्हाला बुधवारीच द्यायचा. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर बुधवारी शनिवारचं सोडा, नाश्त्याच्या वेळी जेवणाच्या वेळची हवा कळत नाही. एकदा अकिलला उतरलो तेव्हा आभाळ फाटलं होतं. ट्रेलरवरून सायकली खाली घेईपर्यंत सीट भिजून निथळत होत्या, माझी सीट बोटभर खाली हवी होती आणि पाना घेऊन चालक निघून गेलेला. दोन तास पहिल्या चहाच्या दुकानात थांबलो असतो तर मिटलं असतं, कारण दुपारनंतर लख्ख ऊन पडलं. पण दोन तास थांबलो तर सायकली वेळेत परत कशा पोचवणार? म्हणून भिजत मलरॅनी गाठलं, हॉटेलात सूप प्यायलो, आणि ऊन पडलं तेव्हा न्यूपोर्टनंतरच्या त्या यथातथा टप्प्यावर होतो, डोळे घड्याळाकडे. दुकानाचा यात दोष नाही, त्यांनाही घर आहे. पण सुट्टीच्या दिवशी घड्याळाकडे बघत पायडल मारण्यात मला काही राम वाटत नाही.

डोंगराला बंद होण्याची वेळ नाही. क्रो पॅट्रिक, ज्याला इथले लोक नुसतं 'रीक' म्हणतात, वेस्टपोर्टमधून दिसतो. सकाळी माथ्यावर ढगांची टोपी असेल तर आरामात आणखी एक कॉफी घ्यावी, बंदरावर चक्कर मारावी. जूनच्या अखेरीस इथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. दुपारी तीनला टोपी उतरली तर तीनला निघा. पायथ्याचं मरिस्क गाव गाडीने पंधरा मिनिटांच्या आत येतं. पार्किंगला पैसे पडतात, बाकी कुणाला काही विचारायचं नाही, कुठे नाव नोंदवायचं नाही.

उंची ७६४ मीटर, पण सुरुवात जवळपास समुद्रसपाटीपासून, त्यामुळे ती सगळी आपल्याच पायांनी चढायची. आतकरवाडीतून सिंहगड करणाऱ्याला हे नवं नाही, थोडं जास्त आहे इतकंच. संत पॅट्रिकच्या पुतळ्यापासून ओढ्याच्या कडेने दगडधोंड्यांतून वाट खिंडीत येते, तिथे जरा श्वास मिळतो आणि मग शेवटचा सुळका. हा भाग पूर्वी निव्वळ घसारा होता. अलीकडच्या वर्षांत डोंगरावरचेच दगड हाताने रचून वाट बरीच सुधारली आहे. तरी उतरताना गुडघे बोलतात, हे खरंच. पायथ्याला काठी मिळते, ती घ्या. तरुणपणाचा माज इथे कामाचा नाही.

वर १९०५ साली बांधलेलं छोटं चॅपल आहे. संत पॅट्रिकने इथे चाळीस दिवस उपास केला अशी श्रद्धा असल्याने जुलैच्या शेवटच्या रविवारी हजारो लोक चढतात, काही अनवाणी. आपल्या आषाढीच्या आसपासच हे येतं. गर्दीत चालायची आवड असेल तर तो दिवस मुद्दाम गाठा, नाहीतर मुद्दाम टाळा.

आणि क्ल्यू बे. या खाडीत वर्षाच्या दिवसांइतकी बेटं आहेत असं लोक सांगतात. प्रत्यक्षात हिमनद्यांनी मागे सोडलेले मातीचे उंचवटे समुद्र वर आल्यावर पाण्यात गेले, त्यांचे हे माथे. सायकलवरून ती बेटं एकामागे एक दडलेल्या बुटक्या टेकड्यांची पट्टी दिसतात, कुठलं बेट आणि कुठली जमीन हे समजतच नाही. वरून बघितलं की एकेक बेट सुटं होतं, पाण्यात पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखं, आणि तोंडाशी क्लेअर बेट, सोळाव्या शतकात दर्यावर हुकमत गाजवणाऱ्या ग्रेस ओमॅलीचं. ढग असतील तर यातलं काही दिसत नाही, हा धोका आहेच. पण तो धोका निघायच्या आधी खालून डोळ्यांनी तपासता येतो.

आता हे सगळं माझ्या स्वभावाचं झालं. स्वतःची सायकल आणि गाडीला कॅरिअर असेल तर माझी तक्रार आपोआप गळून पडते आणि ग्रीनवेचं पारडं बरंच जड होतं. आई-बाबा सोबत असतील, किंवा लहान मूल मागच्या सीटवर बसवायचं असेल, तर डोंगराचा विषयच काढू नका. खिंडीपर्यंत जाऊन परत येता येतं हे खरं, पण अर्ध्यावरून उतरवलेले वडील रात्रभर गप्प बसतात, हा अनुभव आहे.

सायकलच ठरत असेल तर एक करा. ४२ किलोमीटरचा हट्ट सोडा. न्यूपोर्ट किंवा मलरॅनीला सायकल घ्या, तेवढा मधलाच टप्पा जाऊन-येऊन करा, गाडीने सोडायचा प्रश्नच ठेवू नका. आणि बुकिंग करताना भाडं नंतर विचारा, सायकल किती वाजेपर्यंत परत हवी ते आधी विचारा.