फिनाले मॅच पेलेट : डबीवरचा आकडा आणि नळीची पसंती

मुलगी 10 मीटर एअर रायफल खेळत असल्यामुळे आमच्या घरी पेलेटच्या, म्हणजे एअर रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांच्या, डब्या तेलमिठाइतक्याच नेमाने लागतात. मोठ्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) रायफली वापरणारे परदेशी नेमबाज काडतुसे स्वतः भरतात आणि दारूचे वजन व काडतुसात गोळी बसवण्याची खोली किंचित बदलत आपल्या रायफलीला नेमके काय मानवते याचा शोध घेतात. एअर रायफलच्या नेमबाजाला ती मुभा नाही. तयार पेलेटमधून आपल्या नळीशी जुळणारे निवडणे एवढेच त्याच्या हाती असते. ही निवड अंदाजाने करण्याऐवजी मोजून करावी, म्हणून एच अँड एन या जर्मन कंपनीच्या ‘फिनाले मॅच’ या पेलेटची आम्ही रीतसर चाचणी घेतली.

रायफलसाठीचे हे पेलेट 0.53 ग्रॅम वजनाचे असून डोक्याच्या व्यासानुसार 4.49, 4.50 आणि 4.51 मिलिमीटर अशा मापांत मिळते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय बिघडणार, असे मलाही पूर्वी वाटत असे. मात्र लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि दशांश गुणांकनात पेलेटचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून दर पाव मिलिमीटर दूर गेला की 0.1 गुण कमी होतो. 10.9 हे एका शॉटचे सर्वाधिक गुण हवे असतील, तर तो मध्य पाव मिलिमीटरच्या आतच बसला पाहिजे.

नेमबाजाचा श्वास आणि नाडी हिशेबातून वगळण्यासाठी वॉल्थर एलजी 400 रायफल रबरी पट्ट्या लावलेल्या शिकंज्यात पक्की केली. प्रत्येक मापाचे पहिले पंधरा पेलेट मोजणीत न धरता झाडले, कारण आधीच्या पेलेटच्या शिशाचा थर नळीत असेपर्यंत निकाल भरवशाचा नसतो. त्यानंतर एकाच नेमावर झाडलेल्या दहा-दहा शॉटचे पाच ग्रुप (संच), प्रत्येकासाठी कोरा कागद, अशी पद्धत ठेवली. व्हर्नियरने बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलेल्या ग्रुपच्या पसाऱ्याची सरासरी 4.49 ची 7.3, 4.50 ची 6.1 आणि 4.51 ची 6.4 मिलिमीटर आली. कागदाची कड फाटते, त्यामुळे एकदोन दशांशांच्या फरकाला मी महत्त्व देत नाही. शेवटच्या दोन मापांत श्रेष्ठ कोणते, हे या आकड्यांवरून ठरवणे धाडसाचे होईल. पहिल्या मापाचा फरक मात्र खरा आहे. पेलेटची जाडी वजा केली, तर 4.49 चे मध्य 2.8 मिलिमीटरच्या वर्तुळात पसरतात, म्हणजे नेम अचूक असूनही कडेचा शॉट 10.4 वर जाऊ शकतो, 4.50 चा तसाच शॉट 10.6 वर थांबतो. साठ शॉटच्या फेरीत असे दशांश साठत जातात.

येथवर सगळे सरळ होते. निकालावर विसंबून 4.50 च्या आणखी पाच डब्या मागवल्या. विक्रेत्याला एकाच लॉटच्या (एका वेळी बनवलेल्या खेपेच्या) पाठवा असे लेखी कळवूनही दोन डब्या वेगळ्या लॉटच्या आल्या आणि ‘माप तर तेच आहे’ असे उत्तर मिळाले. त्या दोन डब्यांची त्याच शिकंज्यावर चाचणी घेतली, तेव्हा सरासरी 6.9 आली. याला पेलेटचा दोष म्हणता येणार नाही, कारण मुलीच्या मैत्रिणीच्या रायफलमधून हाच लॉट आमच्या जुन्या लॉटपेक्षा दाट बसला आणि त्या डब्या तिनेच आनंदाने ठेवून घेतल्या. डबीवरचे माप शोधाची दिशा दाखवते, पण खरी जुळणी त्या नळीची त्या लॉटशीच होते.

पेलेट वजनाने एकसारखे वाटले; पन्नास नग मिलिग्रॅम काट्यावर तोलून हलके-जड वेगळे करण्याचा खटाटोप मी केला, त्याने ग्रुपमध्ये काहीही फरक पडला नाही. प्रवासात हेलकावे बसून पेलेटच्या मागच्या बाजूचे शिशाचे पातळ घेर चेपतात, त्याकडे पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

फिनाले मॅच घ्यावे, असेच मी सांगेन, परंतु आधी प्रत्येक मापाची एकच डबी घ्यावी, डबीवरचा लॉट क्रमांक लिहून ठेवावा आणि चाचणीनंतर त्याच क्रमांकाचा हंगामभराचा साठा एकदम करावा. आमच्या कपाटात सध्या अशा आठ डब्या आहेत.