‘इम्पोर्टेड केबल ट्रीटमेंट’च्या नावाखाली जळकं ऑइल

पावसाळा तोंडावर आला की ठाण्या-नवी मुंबईतल्या गॅरेजांबाहेर ‘मान्सून चेकअप’चे बोर्ड लागतात. कोपरखैरण्याच्या अशाच एका गॅरेजवाल्याने माझ्या मोटरसायकलच्या सर्व्हिसिंगच्या वर ६५० रुपये ‘इम्पोर्टेड टेफ्लॉन ट्रीटमेंट’चे लावले. क्लच केबल, अ‍ॅक्सिलरेटर केबल, चेन, साइड स्टँड, सगळ्या दुखण्यांवर एकच औषध. संध्याकाळी गाडी ताब्यात आली तेव्हा क्लच लोण्यासारखा दाबला जात होता. मेख तिथेच आहे. केबलमध्ये काहीही ओलं सोडलं तरी सुरुवातीला असंच वाटतं.

पुढच्या आठवड्यात ठाणे-बेलापूर रोडवर, तुर्भ्याच्या अलीकडे, रेस सोडली तरी इंजिन ओरडतच राहिलं. मागे कंटेनर, पुढे लाल सिग्नल. क्लच दाबला, किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) मारला, गाडी कडेला घेतली. अशा वेळी नुसत्या ब्रेकच्या भरवशावर राहू नका. क्लच आणि किल स्विच आधी.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या मेकॅनिककाकांनी अ‍ॅक्सिलरेटरची केबल सोडवून खिळ्याला उभी टांगली, वरच्या टोकात शिलाई मशीनचं पातळ तेल थेंब थेंब सोडलं आणि खाली पांढरा कागद धरला. थोड्या वेळाने कागदावर काळाकुट्ट घट्ट थेंब पडला. चिमटीत चोळला तर रेती असल्यासारखा कचकचला, वास जळका. “टेफ्लॉन कसलं रे, कुणाच्या तरी इंजिनातनं काढलेलं ऑइल आहे हे,” काका म्हणाले. अशा ऑइलमध्ये काजळी आणि धातूची कीस असते. त्यात पावसाळी चिखल मिसळला की केबलच्या आत चिकट राड होते आणि रेस परत यायचं नाव घेत नाही.

आजच्या बऱ्याच केबलींना आतून नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असतं. त्यांना ग्रीस तर मुळीच नको, ते धूळ धरून ठेवतं. गाडीच्या पुस्तकात केबलमध्ये तेल सोडायला सांगितलं असेल, तर पातळ तेल किंवा केबलसाठीचा स्प्रे पुरतो. तार उसवली असेल तर केबल सरळ बदलायची. तेलाने तार जुळत नाही. ग्रीसची जागा वेगळी: लिव्हरचा बोल्ट, केबलच्या टोकाची गोळी, साइड स्टँडचा पिन. ड्रम ब्रेकच्या कॅमलाही (ब्रेकच्या पट्ट्या फाकवणारा तुकडा) लागतं, पण उष्णता सोसणारं आणि बोटाच्या टोकाएवढंच, कारण लायनरवर, म्हणजे घासणाऱ्या पट्टीवर, उतरलं की ब्रेक गेला. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या (डिस्कला चिमट्यासारखा धरणारा भाग) पिनांना सिलिकॉन ग्रीस. साध्या ग्रीसने तिथलं रबर फुगतं. चेनला चेन ल्यूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल, साधारण दर ५०० किलोमीटरला आणि भिजल्यावर. ओ-रिंग चेन (कड्यांमध्ये बारीक रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोलने धुऊ देऊ नका. डब्ल्यूडी-४० हा १९५३ सालचा अमेरिकन शोध पाणी हटवायला आणि गंज रोखायला झकास, पण चेनवर त्याचा पातळ थर फार दिवस टिकत नाही.

थोडक्यात काय, सगळ्याला एकच डबा चालतो असं कुणी म्हणालं की तिथेच पाणी मुरतंय. आमच्या गॅरेजवाल्या महाशयांच्या डब्यावर तर लेबलच नव्हतं. पॅकबंद आयात मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, वजन किंवा माप हे छापावंच लागतं. डबा हातात घेऊन बघा, आणि काम समोर उभं राहून करून घ्या. गाडी परत घेताना इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. आवाज चढला तर केबल ताणली गेली आहे किंवा चुकीची बसवली आहे. रेस पिळून सोडली की मूठ फट्कन मागे यायलाच हवी.

जाब विचारायला गेलो तर मालक म्हणाले, “तुम्हीच पाण्यातनं घातली असेल, साहेब.” काळ्या थेंबाचा कागद दाखवल्यावर आवाज खाली आला आणि चहाची ऑर्डर गेली. पैसे मात्र सुटेनात. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार टाकली. बिलावर ‘टेफ्लॉन ट्रीटमेंट’ असं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे, तेवढा कागद माझ्या बाजूने. तेव्हा ‘बिल कशाला, आपलंच गॅरेज आहे’ म्हणणाऱ्याकडून आधी बिल घ्या, मग किल्ली.