रॅकमधला हवेचा मॉनिटर आणि डिरेक्टरी लॉगिन : आठ महिन्यांनंतर

सर्व्हर रूममध्ये एन्व्हायर्नमेंट मॉनिटर बसवून आठ महिने झाले. घेतला होता तापमानासाठी, कामाला आला तो हवेच्या प्रवाहाचा सेन्सर.

त्याच्या आत किंचित तापवलेला एक मणी असतो. वाहती हवा त्याला किती गार करते, त्यावरून प्रवाहाचा अंदाज बांधला जातो. आकडा मात्र ० ते १०० असा सापेक्ष येतो. ४० म्हणजे बरं की वाईट, हे मॅन्युअलही सांगत नाही. म्हणून दोन आठवडे अलार्म न लावता नुसती नोंद होऊ दिली. आमच्या रॅकच्या (सर्व्हरच्या कपाटाच्या) पुढच्या दारात आकडा ५८ ते ६४ मध्ये असतो हे कळल्यावर ४५ ला इशारा लावला. सेन्सर वीतभर सरकला तरी आकडा बदलतो, त्यामुळे जागा ठरली की झिप टायने आवळून टाका.

तिसऱ्या महिन्यात कुणीतरी रॅकसमोरच्या, गार हवा जिच्यातून येते त्या जाळीदार फरशीवर यूपीएसचं खोकं ठेवलं. प्रवाह २५ च्या खाली आला, इशारा वाजला, आणि तापमान तेव्हा निवांत २३ अंशांवर! मी पोचेपर्यंत वरच्या सर्व्हरपाशी आत जाणारी हवा २९ अंशांची झाली होती. ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ ची आहे. पुढून हवा मिळेना, म्हणून पंखे रॅकमधल्या रिकाम्या खणांमधून (यू-जागांमधून) मागची गरम हवा ओढत होते. एक किलोवॉट उष्णता १० अंशांच्या फरकाने बाहेर काढायची तर तासाला सुमारे ३०० घनमीटर हवा लागते. ती कुठून तरी येणारच. हे खण झाकणारी ब्लँकिंग पॅनल त्याच आठवड्यात लावली. खरं तर पहिल्याच दिवशी लावायची होती.

आता मॉनिटरच्या पानाचं लॉगिन. ते एलडीएपीने (डिरेक्टरीशी बोलायचा प्रोटोकॉल) ऍक्टिव्ह डिरेक्टरीला, म्हणजे सगळ्यांची खाती-पासवर्ड सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेला, जोडणं दहा मिनिटांचं काम वाटलं, गेला अख्खा दिवस. पोर्ट ३८९ वर लगेच चाललं, पण तिथे टीएलएस (एन्क्रिप्शन) नसेल तर पासवर्ड उघडाच जातो. टीएलएसवाल्या ६३६ वर नेलं तर नुसतं ‘लॉगिन अयशस्वी’. मी सर्व्हरचा आयपी दिला होता आणि त्याची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटवर नाव होतं, म्हणून दोन्ही जुळेनात. हे लॉगमध्ये एका ओळीत सांगता आलं असतं. ग्रुपच्या आतल्या ग्रुपमधली माणसंही त्याला दिसेनात. फिल्टरमध्ये आतले ग्रुपही शोधायला लावणारा, १९४१ ने संपणाऱ्या लांबलचक क्रमांकाचा मॅचिंग रूल घातला तेव्हा दिसली. आणि रिकामा पासवर्ड टाकून एकदा नक्की बघा. नाव भरलेलं आणि पासवर्ड कोरा असलेला बाइंड (लॉगिनची विनंती) काही डिरेक्टरी ‘यशस्वी’ म्हणून परत करतात. उपकरणाने तो आधीच अडवायला हवा. आमच्याने अडवला, हे त्याच्या बाजूने.

सहाव्या महिन्यात रात्री एसी ट्रिप झाला. इशारा वेळेवर आला, पण पान उघडून आकडे बघू म्हटलं तर लॉगिन होईना. डिरेक्टरीची व्हर्च्युअल मशिन त्याच रॅकमध्ये, आणि उष्णतेने ती चालवणारे होस्ट सर्व्हर बंद झालेले. मॉनिटरमधल्याच लोकल ॲडमिन खात्याचा पासवर्ड होता व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्ड साठवायच्या तिजोरीत. व्हॉल्टचं लॉगिन? तेही एलडीएपीनेच. आता तो पासवर्ड कागदावर, बंद पाकिटात, कुलपाच्या ड्रॉवरमध्ये आहे आणि दर तिमाहीला तो वापरून आत जाऊन बघतो.

डिरेक्टरीचा दुसरा पत्ता देण्याची सोय यात अजूनही नाही. सपोर्टला दोनदा लिहिलं, ‘पुढच्या फर्मवेअरमध्ये’ असं उत्तर आलं. तोवर एक तारा कापतोय, तोही फक्त लॉगिनसाठी. सेन्सरला पैकीच्या पैकी.